सुरगाठ

त्या वर्षी विहिरी खाली गेल्या आणि दोर वळणाऱ्याच्या घराला उसंत राहिली नाही. काल पाण्यात बुडणारा पोहरा आज अधांतरी लटकू लागला, की माणसं दारात येऊन उभी राहत. दोन्ही हात पसरून, छातीवरून एकेक वाव मोजून दाखवत. "अजून चार वाव हवा." "आमचा सहानं कमी पडतोय हो."

दोरवाल्याची थोरली बहीण ओट्यावर ताग विंचरत बसलेली असायची. ती म्हणायची, "लोकांच्या विहिरी आटल्या की आपली चूल पेटते. काय धंदा दिलाय बापजाद्यांनी! पाऊस पड म्हणावं तर पंचाईत, पडू नको म्हणावं तर पाप."

भावजय हसायची. "वन्सं, तुम्ही काही म्हणू नका. पाऊस तुमचं ऐकून येत नाही."

"खरंय. माझे गुडघेसुद्धा माझं ऐकत नाहीत."

घरामागे शंभर पावलांची सरळसोट गल्ली होती. एका टोकाला पुरुषभर उंचीचं लाकडी चाक. ते फिरवलं की त्याच्यासमोरचे तीन लोखंडी आकडे एकदम गरगरायचे. दुसऱ्या टोकाला दगड लादलेली घसरगाडी, तिला एकच आकडा. या तीन आकड्यांपासून त्या एका आकड्यापर्यंत तागाचे तीन पेड ताणलेले असत. दोरवाला तीन खाचांचा ठोकळा पेडांच्या मधोमध धरून घसरगाडीकडून चाकाकडे एकेक पाऊल चालत यायचा आणि त्याच्या पाठीमागे तीन पेडांचा एक दोर होत जायचा. घसरगाडी कण्हत कण्हत त्याच्यामागे सरकायची.

चाकावर त्यांची मुलगी. अकरा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी पाच मिनिटं ठरायची नाही, अपवाद फक्त चाकाचा. चाकाला ताकद फार लागत नाही, ताल लागतो. कुठे हात जड झाला की तेवढ्या जागी दोर ताठ येतो, कुठे हात रेंगाळला की मऊ. भिंगरी ताल चुकू नये म्हणून स्वतःशीच गुणगुणायची:

एक पेड आईचा, एक पेड बाबांचा,
मधला माझा हो, पीळ साऱ्यांचा.

तो दिवसही असाच होता. ऊन डोक्यावर आलेलं, हवेत तागाची कुसं तरंगत होती. दोरवाला गल्लीच्या मध्यावर पोचला होता. त्याला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. आधी कळलं ते हातातल्या ठोकळ्याला. पेड एकदम ढिले पडले.

"अगं फिरव! झोपलीस काय?"

पीळ उलटला तर सकाळपासूनचं काम मातीत जाणार, म्हणून त्यानं ठोकळा घट्ट धरून ठेवला. "फिरव म्हणतो ना!" तो पुन्हा ओरडला. मग चाकामागून बहिणीची किंकाळी आली आणि त्यानं ठोकळा टाकला.

भिंगरी चाकाशेजारी पडली होती. टाचा जमिनीवर आपटत होत्या, मान एका बाजूला ओढली गेली होती, डोळे उघडे पण कुणाकडेच नाहीत. ओठांच्या कोपऱ्यातून फेस. ओढणीची गाठ सैल करावी हे आईला सुचलं. आत्यानं धावत जाऊन लाकडी डाव आणला आणि दातांत कोंबला. कट् असा आवाज झाला. डाव शाबूत राहिला, पुढच्या दाताचा टवका उडाला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सगळं थांबलं. मुलगी गाढ झोपल्यासारखी घोरायला लागली. तिचा परकर ओला झाला होता. आईनं आपला पदर तिच्यावर टाकला, कारण कुडावरून दोन डोकी डोकावत होती.

"उन्हाची चक्कर असेल," दोरवाला म्हणाला.



आठ दिवसांनी जेवताना तेच झालं. तेव्हा ऊन नव्हतं.

*

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या केसांत जागोजागी चिकट मलम लावून तारा चिकटवल्या. यंत्रातून कागदाची लांब पट्टी बाहेर आली. दोरवाला त्या पट्टीवर वाकला. रेघाच रेघा. काही सरळ जात होत्या, मधेच एका जागी सगळ्या एकदम पिंजारल्या होत्या.

"न विंचरलेल्या तागासारखं दिसतंय," तो म्हणाला.

"मिरगी आहे," बाई म्हणाल्या. "फेफरं म्हणा, फीट म्हणा, नाव कुठलंही घ्या. मेंदूत वीज चमकल्यासारखं होतं. कुणाचा दोष नाही, कुणाची करणी नाही. आणि दातांत काहीही घालायचं नाही. तो दात कुणी मोडला?"

आत्यानं जमिनीकडे बघितलं.

"झटका आला की कुशीवर वळवायचं. धरून, दाबून ठेवायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा एकावर एक आला, तर असेल तसं उचलून इथे आणायचं. विहीर, चूल, उंच जागा, फिरणारं यंत्र, यांच्यापासून लांब."

"चाक?" दोरवाल्यानं विचारलं.

"कसलं चाक?"

त्यानं सांगितलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. सुरुवातीला झोप येईल, सुस्ती येईल. फारच वाटलं तर मला येऊन सांगा. दोन-तीन वर्षं एकही झटका आला नाही, तर कमी करायचं बघू. मी बघेन, तुम्ही नाही. अचानक कमी केली तर दुखणं उलटतं. मग येणारा झटका कधी कधी थांबत नाही."

"थांबत नाही म्हणजे?" आईनं विचारलं.

बाईंनी भिंगरीकडे बघितलं. ती केसांतलं मलम बोटानं खरवडत होती. "म्हणजे थांबत नाही," त्या म्हणाल्या.

*

घर बदललं. दोरवाल्यानं खाटेचे पाय कापून ती जमिनीसरशी केली. न्हाणीची कडी उखडून टाकली. मेजाच्या कोपऱ्यांना, उंबऱ्याच्या धारेला, चुलीसमोरच्या खांबाला त्यानं जुन्या दोराचे वेढे घातले. आठ दिवसांत त्या घराला टोचणारा कोपरा म्हणून राहिला नाही. आत्या म्हणाली, "आता मलाही गुंडाळून टाक. माझी जीभ तेवढी टोचायची राहिलीय."

आईचं ऐकणं बदललं. आधी तिला घर ऐकू यायचं नाही. आता भांडं निसटलं, लाकूड गडगडलं, शेजारचा कुत्रा अंग झटकून उठला, तरी तिचा जीव खाली जाऊन वर यायचा. आवाजापेक्षा आवाज बंद होणं वाईट. न्हाणीत पाणी ओतल्याचं ऐकू येत असे तोवर ती पीठ मळत असे. पाणी थांबलं की पिठातले हात थांबत. "भिंगरे?" "काय गं आई!" मग हात पुन्हा चालू. दिवसातून वीसदा, तीसदा. हळूहळू भिंगरीच्या "काय गं"मधला लाड गेला, त्रास आला. मग तोही गेला. नुसतं "हं" उरलं.

शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. गुरुजींनी तिला खिडकीजवळून उठवून भिंतीकडे बसवलं. "तिच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. सगळे तेच म्हणत.

गोळ्या दोरवाल्यानं आपल्याकडे घेतल्या. "तू घाबरून एकाच्या दोन देशील, नाहीतर दिली का नाही दिली म्हणून रडत बसशील. हे माझ्याकडे." आणि त्यानं आपल्या पद्धतीनं हिशोब ठेवला. दारामागच्या खिळ्याला एक सुतळी टांगली. दिवसाच्या दोन्ही गोळ्या पोटात गेल्या की संध्याकाळी तो सुतळीला एक गाठ मारायचा. पक्की निरगाठ, दातांनी सोडवू म्हटलं तरी न सुटणारी. आई येता-जाता सुतळीवरून बोटं फिरवायची. टणक मण्यांसारख्या गाठी. झटका आला नाही असा एकेक दिवस बोटाखालून जायचा. वीस. सत्तावीस. चौतीस.

पण भिंगरी फिरेना. सकाळी उठवावं लागे. घास तोंडात धरून बसायची. प्रश्न विचारला की उत्तर दुसऱ्या खोलीतून आणल्यासारखं यायचं. एकदा आईच्या तोंडून चुकून 'चिमटे वाळत घाल' असं निघालं. कपड्यांऐवजी ती खरंच रिकामे चिमटे दोरीला लावून आली. दोघी हसल्या, मग आई न्हाणीत जाऊन रडली.

*

चाक आत्यावर आलं. ती एका हातानं चाक आणि एका हातानं कंबर धरायची. विहिरी खोल करणाऱ्या टोळीच्या मुकादमानं तीस वावांचा जाड दोर सांगितला होता. त्याची माणसं त्या दोरावरून खाली उतरणार होती. दोर तयार झाला. मुकादम न्यायला आला तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि तळहातातून दोर सोडत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"इथे मऊ," तो म्हणाला. "इथे ताठ. इथे पुन्हा मऊ. दोरवाले, हा दोर आहे का समईची वात?"

दोरवाला दोराचं टोक गुंडाळत राहिला.

"मागच्या वर्षी नेला तो कुणाच्या हातचा होता?"

"पोरीच्या."

"मग तिला काय झालं?"

"बरं नाही."

मुकादमाच्या कानावर बाजारातलं काही ना काही आलेलं असणारच. त्यानं ते विचारलं नाही. "हे बघा, मला कुणाच्या घरातलं कळत नाही, मला दोर कळतो. दोन माणसं साठ हात खाली लोंबकळणार, त्यांची बायकापोरं माझ्या तोंडाकडे बघणार. पंधरा दिवस देतो. तिच्या हातचा असला तर नेतो. नाहीतर दुसरीकडे बघेन." जाताना त्यानं नाकारलेल्या दोराला पाय लागू नये म्हणून वळसा घातला. तो वळसा दोरवाल्याला शिवीपेक्षा लागला.

त्या दुपारी तो गल्लीत एकटाच बसून राहिला. समोर दोन खांबांमध्ये एक नवा दोर ताणून ठेवला होता, मधोमध दगडांची टोपली टांगून. नवा दोर असाच ठेवतात. पीळ अंगात मुरेपर्यंत ताण हवा. एकदा मुरला की टोपलीतला एकेक दगड काढायचा. सगळे एकदम काढले तर दोर उसळून वेटोळं होतं. पण काढलेच नाहीत तरी वाईट. कायम ताणात राहिलेला दोर वाळून कडक होतो, वाकवला की तडकतो. हे त्याला त्याच्या बापानं सातव्या वर्षी शिकवलं होतं आणि आजवर ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर तो उठला, टोपलीतून एक दगड काढला. मग घरात गेला. चुलीशी भिंगरीची आई नव्हती, पाण्याला गेली होती. भिंगरी भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून बसली होती, माशी तिच्या गुडघ्यावर बसली तरी हाकलत नव्हती.

चाळीस दिवस झाले. एकही झटका नाही. पीळ बसला, तो मनाशी म्हणाला. बाई 'अचानक' म्हणाल्या होत्या. मी अचानक करत नाही.

त्यानं ताग कापायच्या चाकूनं संध्याकाळच्या गोळीचे दोन तुकडे केले. एक भिंगरीला दिला. तिनं गिळला. दुसरा त्यानं कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मग तो सुतळीपाशी आला. बोटं सवयीनं निरगाठीसाठी वळली आणि थांबली.  शेवटी त्यानं सुरगाठ मारली. दिसायला तशीच. शेपटी ओढली की सुटणारी.

चार दिवसांनी सकाळची गोळीही अर्धी झाली.

*

भिंगरी जागी होऊ लागली. एका सकाळी ती हाक मारायच्या आत उठून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं आत्याच्या विंचरणीचे दात मोजून "आत्या, तुझ्यापेक्षा हिला जास्त आहेत" असं म्हटलं आणि आत्यानं तिला तागाच्या गुंड्यानं हाणलं. भिंगरी पळाली. ती पळाली! आई चुलीपुढे बसून त्या पावलांचा आवाज ऐकत राहिली.

"गोळी अंगाला लागली हो," ती नवऱ्याला म्हणाली. "बाई म्हणाल्याच होत्या, सुरुवातीलाच सुस्ती येते."

"हं," तो म्हणाला आणि ताटातलं मीठ बोटानं सारत राहिला.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की."

तेराव्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या तिला चाकावर उभी करू. एकच दोर. मुकादम दुपारी येतोय."

आईच्या हातातलं ताट खाली आलं. "बाई काय म्हणाल्या होत्या?"

"दीड महिना वर झाला. काही झालंय का?"

"झालं नाही, ते चाक नव्हतं म्हणून."

"मी आहे ना तिथे."

"तुम्ही शंभर पावलांवर!"

"मी चाकाला लागून उभी राहीन," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज आपल्याच शब्दांवर बसत नव्हता.

दारात भिंगरी उभी होती. "आई, मला जमेल," ती म्हणाली. "मला सगळ्या घरात एवढंच जमतं."

आईनं ताट उचलून जागेवर ठेवलं.

सकाळी तिनं भिंगरीची वेणी डोक्याभोवती गुंडाळून तीन पिना लावल्या, बाह्या वर दुमडल्या, चाकाशेजारी जमिनीवर तागाचे गठ्ठे पसरले. मग जीव घट्ट करून घरात आली. हात रिकामे राहिले तर ते धावत बाहेर जातील, म्हणून तिनं काम शोधलं. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जायचं होतं. किती दिवस झाले ते बाईंना नीट सांगावं. तिनं खिळ्यावरून सुतळी काढली.

बाहेर चाकाचा घुमारा सुरू झाला. एकसारखा, गोल. त्यात गुणगुणणं मिसळलं. आईनं कित्येक दिवसांत पहिल्यांदा खोल श्वास घेतला.

ती खालच्या टोकाकडून गाठी मोजू लागली. सुतळी ताठ धरावी म्हणून तिनं टोक हलकेच ओढलं. शेवटची गाठ बोटाखाली होती, ती नाहीशी झाली. तिला वाटलं आपलंच चुकलं. तिनं वरच्या गाठीतून लोंबणारं टोक ओढलं. तीही गेली. तिसरी. चौथी. एकेक दिवस तिच्या हातात उलगडत होता आणि मागे नुसती वाकडी सुतळी उरत होती. तेरा गाठी सुटल्या. चौदावी सुटेना. ती दगडासारखी होती, आणि तिच्या वरच्या सगळ्या तशाच.

दोर वळणाऱ्याची बायको होती ती. तिला वाचायला येत नव्हतं, पण सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक तिला कुणी समजावून सांगायला नको होता.

ती मुठीत सुतळी घेऊन मागच्या दाराकडे धावली. उंबऱ्यात पोचली तेव्हा गुणगुणणं बंद झालं होतं. घुमारा अजून होता. मग तो एका बाजूनं जड झाला, आणि आत्या ओरडली.

*

भिंगरी पडली आणि ताणलेल्या पेडांनी चाक उलटं फिरवलं. चाकाची मूठ गरकन खाली आली आणि तिच्या खांद्यावर बसली. आत्यानं अंगाचा भार टाकून चाक अडवलं. आईनं मुलीला ओढून तागावर घेतलं, कुशीवर वळवलं, तोंड खाली केलं. धरलं नाही. घड्याळ घरात होतं, म्हणून ती मोठ्यानं आकडे म्हणत होती. साठ झाले की पुन्हा एकपासून. दोरवाला धावत आला आणि गुडघ्यांवर पडला.

दुसऱ्या साठाला झटके मंदावले. आत्या "हुश्श" म्हणाली. आईनं आकडे थांबवले नाहीत. तिसऱ्या साठाच्या मध्ये मुलीच्या पाठीची पुन्हा कमान झाली. ओठ जांभळे पडू लागले. चौथे साठ.

"थांबत नाहीये," आई म्हणाली. तिनं ते नवऱ्याकडे बघून म्हटलं नाही. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

कुडाबाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. मुकादम ठरल्या वेळेआधीच दोर न्यायला आला होता. तो गल्लीत आला, जमिनीवरचं बघितलं आणि आल्या पावली मागे वळून टेम्पोचं फळकूट पाडलं. "आणा तिला," तो म्हणाला. पूर्ण वाटेत तो दोनदाच बोलला. एकदा समोरच्या बैलगाडीला शिवी दिली. एकदा मागची काच सरकवून विचारलं, "धरून ठेवलंय ना नीट?"

"धरायचं नसतं," आई म्हणाली. "कुशीवर ठेवायचं असतं."

"बरं," मुकादम म्हणाला आणि गाडी आणखी दामटली.

दोरवाला टेम्पोच्या कोपऱ्यात बसला होता. प्रत्येक खड्ड्यागणिक मुलीचं डोकं हादरत होतं आणि त्यानं आपले दोन्ही तळवे त्याखाली पालथे घातले होते. बोटांची सालं निघाली तरी त्यानं ते काढले नाहीत. आईनं ते पाहिलं. तरीही ती त्याच्याकडे बघत नव्हती.

*

दोन इंजेक्शनं लागली. त्यानंतर अंग सैल पडलं, पण डॉक्टरीणबाई बराच वेळ तिच्या नाडीवरचं बोट काढत नव्हत्या. खांद्याला पट्टी बांधली. नाकाला नळी लावली. भिंत गाठून दोघं उभी होती, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

दुपार उतरल्यावर बाई टेबलाशी बसल्या. "गोळी नियमित होती?"

"एकही चुकली नाही," दोरवाला म्हणाला.

ते खोटं नव्हतं. आईनं मूठ आणखी आवळली. सुतळी तळहातात रुतली.

बाईंनी कपाळ चोळलं. "मग ही गोळी तिला लागू पडत नाही. बदलावी लागेल. दुसरी जड आहे. यकृतावर परिणाम होतो, दर महिन्याला रक्त तपासावं लागेल. सुस्ती याहून जास्त येईल. पण इलाज नाही." त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

पेन चालत होतं. आईला पेनाच्या टोकापलीकडे काही दिसत नव्हतं. तिनं ठरवलं होतं, ओळ संपेपर्यंत. ओळ संपेपर्यंत तो बोलला नाही तर मी बोलेन, आणि मग या माणसाच्या हातून मी पाण्याचा घोटही घेणार नाही. पेन ओळीच्या अर्ध्यावर आलं.

"बाई, थांबा," दोरवाला म्हणाला. "लिहू नका."

बाईंनी मान वर केली.

"गोळीचा दोष नाही. मीच अर्धी करत होतो. आधी संध्याकाळची, मग दोन्ही वेळची." बाहेर बाकावर रांगेत बसलेली माणसं ऐकत होती. त्याला आवाज खाली आणता आला असता, त्यानं आणला नाही. "पीळ बसला असं वाटलं मला. दोर ताणातून काढतात तसं, हळूहळू... अचानक नव्हती केली."

"किती दिवस?"

"बारा असतील."

"तेरा," आई म्हणाली. सकाळपासून तिनं त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता.

बाईंनी अर्धवट लिहिलेला कागद फाडला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अजून दहा मिनिटं उशीर झाला असता," त्या म्हणाल्या, "तर मी हे तुम्हाला विचारायला इथे बसले नसते."

दोरवाला आईकडे वळला. "पूर्ण दिली नव्हती गं. मग निरगाठ कशी मारू?"

 हा माणूस तिच्याशी तेरा दिवस खोटं वागला होता आणि तेरा दिवस दारामागे खरं टांगून ठेवत होता. तिनं ते वेळेवर ओढून पाहिलं नाही एवढंच.

खाटेवरून आवाज आला. भिंगरीचे डोळे उघडे होते, जीभ जड होती. "मला माहीत होतं."

"काय, बाळा?"

"अर्धी कडू लागते. अख्खी लागत नाही." तिनं ओठ ओले केले. "पहिल्याच दिवशी कळलं."

आई खाली वाकली. "मग सांगितलं का नाहीस, राणी? मला का नाही सांगितलंस?"

भिंगरीनं नजर छताकडे वळवली.

"मला जाग यायला लागली होती, आई," ती म्हणाली. "तुम्ही पुन्हा झोपवलं असतं."

*

चौथ्या दिवशी ती घरी आली. तीच गोळी, पूर्ण. बाईंनी सकाळची थोडी उशिरा द्यायला सांगितली, सुस्ती कमी झाली नाही तर महिन्यानं पुन्हा बघू म्हणाल्या. तिच्या देखत म्हणाल्या, "जड वाटलं तर मला सांगायचं. बाबांना नाही, आईला नाही. मला." भिंगरीनं मान हलवली होती. ती मान हलवणं आईनं नीट बघितलं होतं आणि तिला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

मुकादमानं दुसरीकडून दोर घेतला होता. गल्लीत अर्धा वळलेला दोर पीळ उलटून गुंतवळ होऊन पडला होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. दोरवाला ओट्यावर ताग विंचरत बसायचा. ते काम आजवर बायकांचं होतं. कुणी तीस वावांचा दोर मागितला की म्हणायचा, "पोहऱ्याचा करून देतो. माणसाचा नाही."

गोळ्या आता आईकडे होत्या. त्यासाठी भांडण झालं नाही. तिनं हात पुढे केला आणि त्यानं पाकीट हातावर ठेवलं, खिशातल्या अर्ध्या तुकड्यांच्या पुडीसकट.

संध्याकाळ झाली. उजेड अजून दारात होता. आईनं पाकिटातून एक गोळी काढली, अख्खी, पांढरी, गुळगुळीत. उलटीपालटी करून बघितली. दोरवाला पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा राहिला, कुणी बोलावलं नसताना. आत्याचे विंचरायचे हात थांबले.

भिंगरीनं गोळी जिभेवर ठेवली. पाणी प्यायली. गळ्यातली हालचाल तिघांनी पाहिली.

मग कुणी काही म्हणायच्या आत तिनं आपलं आपण तोंड उघडलं. मोठं, आ करून. डोळे कुणाकडेच नव्हते, छताकडे होते. गुरांच्या बाजारात तोंड उघडून दाखवतात तसं.

दोरवाल्यानं तोंड फिरवलं.

मीट गं तोंड, माझा विश्वास आहे तुझ्यावर, असं म्हणायला आईचे ओठ हलले. खरंच हलले. पण तिला ते मान हलवणं आठवलं, छताकडे बघणारे ते डोळे आठवले, आणि कडू लागलेले तेरा दिवस, मुकाट्यानं गिळलेले.

तिनं मुलीची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि आत वाकून पाहिलं.

"जीभ वर कर," ती म्हणाली.